नलावडेचा बॉल शोधताना

नलावडेला गोल्फ येत नव्हतं. हे आधीच सांगून मोकळा होतो. कारण सिंगापूरच्या पासिर रिसमध्ये आजही चार मराठी माणसं जमली की कुणीतरी नलावडेचं नाव काढतं, मग सगळे 'काय माणूस होता!' म्हणून माना डोलावतात आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. होता काय? आहे अजून. चांगला धडधाकट आहे. फक्त इथे नाही.

मला मात्र गोल्फ येत होतं, आणि तेही रीतसर. बँकेत वरच्या मजल्यावर जायचं असेल तर गोल्फ यायला हवं, असं सिंगापूरला आल्या आल्या एका अनुभवी माणसानं कानात सांगितलं होतं. मी क्लास लावला. उभं कसं राहायचं, मनगट कुठे वळवायचं, मान कुठे ठेवायची, सगळं गिरवलं. इथे कोर्सवर आपल्या नावावर खेळायचं तर आधी परीक्षा पास व्हावी लागते; नापासाला कुणा पास झालेल्याच्या जबाबदारीवर सोडतात. ती मी पहिल्या फटक्यात पास झालो. आणि तरीही शनिवारी चौथा गडी हवा असला की लोक फोन नलावडेला करायचे. नलावडे त्याच परीक्षेत नापास होत होता आणि प्रत्येक वेळी सगळ्या ब्लॉकला पेढे वाटत होता.

"कसले पेढे रे?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा.

"नापास झालो ओ, पुराणिकसाहेब! परीक्षक लई चांगला माणूस. म्हणाला, तुमच्यासारखा खेळ मी कधी बघितला नाही."

हा माणूस मूळचा आमच्याच कराडचा. आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात मॅनेजर होता. आमच्याच ब्लॉकमध्ये सहाव्या मजल्यावर राहायचा, आम्ही नवव्या. बुटका, पोट पुढे, डोक्यावर हॅट आणि मानेवर ओला नॅपकिन. इंग्रजी बोलायचा तेही कराडच्या चालीत, आणि चिनी, मलाय, तमिळ, सगळ्यांना ते कळायचं. मी इतकी वर्षं उच्चार घासूनपुसून बोलतो, तर मला लोक "सॉरी?" म्हणून परत विचारतात.

त्याचा खेळ म्हणजे तमाशाच. बॉलसमोर उभा राहिला की आधी त्याच्याशी बोलायचा. "जा बाबा, नीट जा. वाटेत कुणाच्या नादी लागू नको." मग डोळे मिटून अशी काठी फिरवायचा की मागचे लोक दोन पावलं आणखी मागे सरकायचे. बॉल तळ्यात जायचा, झाडात जायचा, एकदा तर मागे उभ्या असलेल्या बग्गीच्या छपरावर जाऊन बसला. नलावडे हॅट काढून तिकडे नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "बॉल गेला तर गेला, माणूस जागेवर आहे ना?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. कारखान्यातही म्हणायचा म्हणे, मशीन बंद पडलं की.

लिमसाहेबांशी त्याची गाठ मीच घालून दिली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. लिम माझे बँकेतले वरिष्ठ. त्यांच्याबरोबर खेळायला मिळावं म्हणून मी वर्षभर वाट पाहिली होती. आयत्या वेळी एक गडी गळाला आणि मी, माझी बुद्धी कुठे चरायला गेली होती देव जाणे, नलावडेला बोलावलं. पहिले तीन होल मी असा खेळलो की माझं मलाच कौतुक वाटलं. लिम "गुड" म्हणाले. चौथ्याला आभाळ भरून आलं आणि वीज पडायचा इशारा देणारा भोंगा वाजला. तो वाजला की काठ्या टाकून निवाऱ्याला पळायचं, हा इथला नियम. आम्ही पळालो. निवाऱ्यात अर्धा तास बसणं आलं. मी लिमसाहेबांशी व्याजदरांवर बोलायची मनात जुळवाजुळव करत होतो, तोवर नलावडेनं गोल्फच्या बॅगेतून डबा काढला. भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा!

"मिस्टर लिम, स्मॉल बाइट हं. व्हेरी डेंजर."

लिमनी मोठा घास घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि ते हसतायत. ज्या माणसाचे दात मी बँकेत कधी बघितले नव्हते, तो माणूस नलावडेच्या खांद्यावर डोकं ठेवून हसतोय आणि आणखी भाकरी मागतोय. सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, झालं आपलं काम. तर इथल्या लकबीनं शेवटी 'लाह' लावून म्हणाले, "युवर फ्रेंड, दॅट चिली मॅन, ब्रिंग हिम अगेन, लाह." त्या दिवसापासून बँकेत माझी ओळख 'नलावडेचा मित्र' अशी झाली. मी जळलो. पण ते बँकेपुरतं होतं, पचवलं. खरं जळणं पुढे आलं.

आई गेली आणि मी अण्णांना सिंगापूरला घेऊन आलो. अण्णा म्हणजे माझे वडील. एस.टी.त आयुष्य काढलं, डेपो मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. आवाज असा की डेपोच्या दुसऱ्या टोकाला ड्रायव्हर विडी विझवायचा. आई गेल्यावर कराडच्या घरात ते एकटेच. एकदा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले, तर सकाळी दूधवाल्यानं कडी वाजवून वाजवून शेजाऱ्यांना बोलावलं तेव्हा कळलं. मी ठरवलं, आता यांना पुन्हा एकटं ठेवायचं नाही. त्यांचा मुक्कामाचा पास वाढवून घेत राहायचं आणि इथेच ठेवून घ्यायचं. मला दुसरं काही नको होतं.

त्यांना काही कमी पडू दिलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. चहा हातात. बूट मी पुसायचो. टी.व्ही.चा रिमोट त्यांच्या उशाशी. ते भांडं उचलायला गेले की मी आणि माझी बायको मेधा एकदमच म्हणायचो, "अण्णा, तुम्ही बसा." ते बसायचे. खिडकीशी खुर्ची घेऊन खालचा बसस्टॉप बघायचे. एकदा मी विचारलं, "कशा वाटतात इथल्या बस?" तर म्हणाले, "वेळेवर येतात." थोड्या वेळानं म्हणाले, "भांडायला काही ठेवलं नाही लोकांनी." मग दिवसभर फक्त "हं". आणि दर रविवारी जेवताना एकच प्रश्न, "माझं परतीचं तिकीट कधीचं आहे?"

आणि मग आला दसरा. त्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, नलावडे दरवर्षी आपल्या गोल्फच्या काठ्यांची पूजा करायचा. हत्यारं म्हणे! पाटावर लाल कापड, त्यावर काठ्या ओळीनं, हळदकुंकू, लिटल इंडियातून आणलेला झेंडू. सगळ्या ब्लॉकला बोलावणं. मी अण्णांना घेऊन गेलो, तेवढाच त्यांचा वेळ जाईल म्हणून. अण्णा दारातच थांबले. पाटाकडे बघितलं. आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांचा तो आवाज ऐकला.

"हार कोणी घातला हा?"

"मी, काका," नलावडे म्हणाला.

"दसऱ्याला गाडीला हार असा घालतात? गाठ पुढे? पहिल्या वळणाला तुटून पडेल! काढ तो. आधी नारळ कुठाय? नारळाशिवाय गाडी डेपोबाहेर काढतोस?"

"चुकलंच काका. तुम्ही दाखवा."

अण्णांनी बाह्या सरसावल्या. हार सोडून पुन्हा बांधला, लिंबू मागवलं, मिरच्या मागवल्या, सगळ्यांना एका बाजूला उभं केलं. नारळ कुठे फोडायचा यावरून नलावडेला अर्धा तास फैलावर घेतलं. नलावडे मान खाली घालून "व्हय काका, व्हय काका". पूजा झाल्यावर कळलं की हा कॉलेजला असताना अण्णांच्याच डेपोच्या गाडीनं, दाराला लोंबकळत जायचा. "म्हणजे तू तो विनातिकीट टोळीतला!" अण्णा म्हणाले, आणि हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. मेधानं माझ्याकडे आनंदानं बघितलं. मला आनंद झाला नाही, खोटं कशाला बोलू? माझा बाप, माझ्या घरात मिटून बसतो, आणि तीन मजले खाली उतरल्यावर फुलतो!

त्या शनिवारपासून नलावडे त्यांना गोल्फला न्यायला लागला. अण्णा खेळायचे नाहीत. बग्गीत त्याच्या शेजारी बसायचे आणि गाडी त्यांच्या हुकमानं चालायची. नलावडेनं कुठूनतरी सायकलची घंटी पैदा करून दिली होती. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. डबल बेल पडल्याशिवाय हा पठ्ठ्या बग्गी हलवायचा नाही, मागे चार जपानी खोळंबले तरी. फटका चुकला की अण्णांचा आवाज तीन होल पलीकडे. "अरे गाढवा, बघतोस कुठे, मारतोस कुठे!" गोल्फ कोर्सवर कुजबुजायचं असतं, पण तिथला मार्शल त्यांना गप्प करायला येऊन, त्यांच्याशी मलायमध्ये गप्पा मारून, चहा पिऊन जायचा. अण्णांना मलाय येत नव्हतं.

घरी आले की जेवताना तोंड थांबत नसे. "आज त्या गाढवानं तळ्यात दोन घालवले." "त्या गाढवाला म्हटलं, अरे वाऱ्याचा अंदाज घे." माझी मुलगी, जी आम्हाला मराठीत हाक मारायला कंटाळायची, तीही विचारायला लागली, "आजोबा, व्हॉट डिड गाढव अंकल डू टुडे?" आणि मी भात कालवत ऐकत बसायचो. मला अण्णा कधी गाढव म्हणाले होते? शाळेत पहिला नंबर यायला लागला तेव्हापासून त्यांनी मला 'श्रीकांत' अशीच हाक मारली. पुरं नाव, नीट, जसं कचेरीतल्या माणसाला मारतात तशी. एका शिवीसाठी पन्नाशीकडे झुकलेला माणूस झुरतो, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मेधाला सांगितलं तर ती हसत सुटली.

मी त्यांना स्वतः कोर्सवर नेऊन बघितलं. माझा प्रत्येक फटका सरळ जात होता. अण्णा "छान" म्हणाले. पुन्हा "छान" म्हणाले. नवव्या होलला बघतो तर बग्गीत झोपले होते.

आणि मग बिंतान, समोरचं इंडोनेशियाचं बेट. इथून फेरीबोटीनं जावं, दोन दिवस समुद्राकाठी गोल्फ खेळावं, परत यावं, अशी सिंगापुरात सगळ्या साहेबलोकांची पद्धत. लिमसाहेबांनी बेत काढला. नलावडे, मी, आणि अण्णा सुटीसाठी. दुसऱ्या दिवशी एक छोटा होल आला. टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, समोर झेंडा दिसतो, मध्ये खोलगट, उजवीकडे दाट झुडपं. नलावडेनं पहिला मारला तो थेट झुडपात. अण्णा उतरलेच बग्गीतून.

"नवा कोरा बॉल होता! चल, शोध! मिस्टर लिम, यू धिस साइड. ए पोरी, तू तिकडून ये."

लिमसाहेब, काठ्या सांभाळणारी आमची कॅडी, नलावडे, सगळे अण्णांच्या हाताखाली झुडपात शिरले. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, शोधा. आणि माझा मारला.

काय सांगू! काठीला बॉल लागला तेव्हाच हाताला कळलं. वर गेला, झेंड्याच्या अलीकडे पडला, एकदा उडाला, मग गरगरत गेला, गेला, आणि दिसेनासा झाला. एका फटक्यात होलमध्ये! लोक जन्मभर खेळतात आणि हे नशिबी येत नाही. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

झुडपातून अण्णांचा आवाज आला, "ओरडू नकोस रे, सापडतोय!"

धावत जाऊन मी होलमधून बॉल काढला आणि सगळ्यांना दाखवला. लिमसाहेबांचा चेहरा उजळला, मग पडला. होल-इन-वनला साक्षीदार लागतो. ज्यानं मारला त्याचा शब्द चालत नाही. "एनिबडी सॉ?" त्यांनी विचारलं.

"मी बघितला!" नलावडे झुडपातून गुडघे झाडत आला. "आय सॉ! विथ टू आइज! शप्पत!"

लिमसाहेबांनी माझा हात हातात घेतला होता. तेवढ्यात अण्णा बाहेर आले.

"शपथ घेऊ नकोस, नलावडे. तू माझ्यापुढे ओणवा होतास. मातीशिवाय काय दिसत होतं तुला?"

"व्हॉट डिड युवर फादर से?" लिमसाहेबांनी मला विचारलं. माझ्याविरुद्धची माझ्या बापाची साक्ष मलाच इंग्रजीत सांगावी लागली. लिम हळहळले. "नो विटनेस, कॅनॉट काउंट, लाह." अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस, श्रीकांत. कंडक्टरच्या वेबिलावर नोंद नाही, तर प्रवासी बसलाच नाही." आणि पुन्हा झुडपात शिरले, कारण नलावडेचा बॉल अजून सापडायचा होता.

होल-इन-वन करणाऱ्यानं सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं, अशी रीत आहे. संध्याकाळी नलावडेनं माझ्या नावानं क्लबहाउसमधल्या सगळ्या टेबलांना खाऊपिऊ घातलं. "साहेबांचा झालाय. कागदावर नसंल, पण झालाय." खाऊन लोकांनी आभार मानले ते नलावडेचे. मी खोलीत जाऊन बसलो. आयुष्यातला सर्वांत चांगला फटका मी मारला तेव्हा माझा बाप दुसऱ्याचा हरवलेला बॉल शोधत होता, हे काही केल्या माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

अशीच दोन-तीन वर्षं गेली आणि मग मंदी आली. नलावडेच्या कारखान्यानं आंग मो किओतलं काम गुंडाळलं आणि त्याला व्हिएतनामला जायची पाळी आली. बातमी ऐकली तेव्हा, देवाशप्पथ, आधी मला बरं वाटलं. सुटलो एकदाचा, म्हटलं. ते बरं वाटणं रात्रीच्या जेवणापर्यंत टिकलं. अण्णा ताटावरून उठताना म्हणाले, "नलावडे गेला की माझं तिकीट काढ. आता मी कराडला जातो."

मेधानं समजावलं. मुलीनं "आजोबा, डोन्ट गो, लाह" केलं. मला ते न्हाणीघर दिसत होतं, दूधवाला कडी वाजवत होता. शेवटी अभिमान गिळून मी सहाव्या मजल्यावर गेलो. नलावडे खोकी बांधत होता.

"अण्णांना सांग राहायला," मी म्हटलं. "तुझं ऐकतील."

त्यानं चिकटपट्टी दातानं तोडली. "ते नाय जमायचं, साहेब. ड्रायव्हरनं डेपो मॅनेजरला सांगितलेलं कधी बघितलंय व्हय तुम्ही? तुमचे वडील आहेत, तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? माझ्याशी ते बोलतच नाहीत!"

हे मी जरा मोठ्यानंच म्हणालो. माझ्या हातात एक खोकं देत तो म्हणाला, "धरा जरा, तुम्हीच बांधा. मला धड बांधता येत नाय." त्या क्षणीही मला त्याचा रागच आला.

विमानतळावर अर्धा ब्लॉक आला होता. लिमसाहेबही आले, हातात ठेच्याची रिकामी बाटली परत द्यायला घेऊन. नलावडेनं सगळ्यांना मिठ्या मारल्या, अण्णांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, तिथं घंटी कोण वाजवणार आता? मी तर दोन टोले पडल्याशिवाय गाडी हलवायचा नाय." अण्णांनी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. तो काचेच्या दारातून आत गेला. लोक पांगले. अण्णा तिथेच उभे, काचेला नाक लावून.

"चला, अण्णा," मी म्हटलं.

"तिकिटाचं बघितलंस?"

आणि माझा तोल गेला. भर विमानतळावर, इतकी माणसं जात-येत असताना. "त्याच्यासाठी राहिलात इतकी वर्षं! माझ्यासाठी चार दिवस राहवत नाही? तो कोण तुमचा? मी काय कमी केलं तुम्हाला?"

अण्णा काचेपासून मागे सरले.

"तू काही कमी केलं नाहीस, श्रीकांत. तुझ्याकडे मी पाहुणा आहे. चांगली बडदास्त ठेवलीस. पण पाहुण्यानं किती राहायचं याला काही मर्यादा असते." त्यांनी काचेकडे बोट केलं. "त्याच्याकडे मी कामावर होतो."

मला रडू आलं, तेही पोरासारखं, नाक गळेपर्यंत. रुमाल सापडेना. "मला जमत नाही, अण्णा," मी म्हणालो. "तुम्हाला ठेवून घेणं मला जमत नाही. कसं करायचं ते सांगा ना."

मी काहीतरी सांगा म्हणालो, हे अण्णांना नवीन असावं. तेवढ्यात आत नलावडे चुकीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. या विमानतळावरून महिन्यातून दोनदा जाणारा माणूस! हॅट वर करून, इकडे बघून, दोन्ही हातांनी विचारत होता, कुठे जाऊ? अण्णांनी काचेवर थाप मारली आणि ओरडले, "अरे तिकडे नाही! डावीकडे! डावीकडे!" आतल्या माणसाला काय ऐकू जाणार? पण तो वळला, डावीकडे गेला, आणि हॅट हलवत गर्दीत दिसेनासा झाला. मी त्याला पाहिलं ते शेवटचं.

"गाढव आहे," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि तू काय रडतोस माणसांत? नाक पूस. शर्टाला नको, गाढवा! घरी चल, तिथे बघतो तुझ्याकडे."

त्यांचा उजवा हात अजून काचेकडे, त्याच्यासाठी हलत होता. ते मला दिसत होतं आणि मी जळतही होतो. पण डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट गच्च धरलं होतं, आणि टॅक्सीच्या रांगेपर्यंत सोडलं नाही.